नकाशा बरोबर हाय

आमचे घरमालक खेळायला बसले आणि आमच्या खेळाची गती गेली. त्याआधी आम्ही एका रविवारात एखादी गुहा आणि त्यातला राक्षस सहज उरकायचो. ते आल्यावर एका दुपारात एक ओढा ओलांडला तरी पुष्कळ झालं असं वाटायला लागलं. आणि ओढ्यात पाय घालायच्या आधी तो कुणाच्या हद्दीतून वाहतो याचा निकाल लावावा लागायचा.

मी तेव्हा माणमध्ये, आयटी कंपन्यांना लागून असलेल्या गावात, राहत होतो. लातूरहून नोकरीसाठी आलेला. चालत कंपनीत जाता यावं म्हणून या तीनमजली इमारतीत खोली घेतली होती. तळमजल्यावर घरमालक, म्हणजे आमचे काका, आणि काकू, वर आमच्यासारखे नोकरदार, मागे म्हशींचा गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडे लगेच आमच्या कंपनीची काचेची इमारत. खोलीत माझ्याबरोबर कोल्हापूरचा ओंकार होता. आमच्याच टीममधली प्रज्ञा दर रविवारी दुपारी यायची आणि खेळ चालवायची.

हा खेळ पटावरचा नव्हे. प्रज्ञा गोष्ट सांगत जायची. जंगलं, किल्ले, जादूगार, राक्षस, असा एक कल्पनेतला मुलूख. आपण त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते सांगायचं. प्रत्येकाला काही कला अवगत असतात. कुणाला तलवार, कुणाला मंत्र, कुणाला कुलूप उघडणं. ती कला ऐन वेळी जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ओंकारचा मांत्रिक होता. माझा तलवारबाज. त्याला मी दीडेक वर्ष वाढवला होता. त्याच्या खांद्याला जुनी जखम होती, त्याचं लग्न मोडलेलं होतं, आणि पहिल्या लढाईत मिळालेला एक घोडा होता. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून झाल्यावर आपला एक तरी माणूस कुठेतरी धडपणे जगतो आहे याचा मला आधार वाटायचा. हे आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

ओंकारचा आवाज मोठा. एका रविवारी तो “मुंडकं उडव त्याचं” असं ओरडला आणि घरमालक हातात म्हशीचं दावं घेऊन धापा टाकत वर आले. खोलीत तीन माणसं आणि गार झालेली भजी. कुणाचं मुंडकं, हे त्यांनी आधी विचारलं. प्रज्ञाने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते तलाठ्याचं म्हणणं ऐकावं तसं ऐकून घेतलं, म्हणजे मान हलवत, पण विश्वास न ठेवता. बसतो जरा म्हणाले आणि धारेची वेळ होईपर्यंत उठले नाहीत. पुढच्या रविवारी आमच्या आधी येऊन बसले होते.

त्यांना खेळायला घेतलं ती चूक प्रज्ञाची, असं मी अजूनही मानतो. तिने त्यांना कलांची यादी वाचून दाखवली. तलवार नको म्हणाले, मंत्र नको, चोरी तर नकोच. यादीच्या तळाशी नकाशा काढणे ही एक कला होती. आमच्यापैकी कुणी ती कधी घेतली नव्हती. तिथे त्यांनी बोट ठेवलं. हे कशाला, असं ओंकारने विचारलं तर म्हणाले, “तुमी दोघं नुसती हाणामारी करताय. आलाव कुटनं, चाललाव कुटं, ह्ये कुनालाच ठावं न्हाई.”

बोलणं शहाणपणाचं होतं. त्यांचं त्या खेळातलं ते शेवटचं शहाणपण.

नकाशाचा नियम असा होता की नकाशेवाला नकाशा काढायला बसला की फासा प्रज्ञा टाकणार, नियमांच्या पुस्तकाच्या आड, कुणाला न दाखवता. फासा चांगला पडला तर ती त्याला खरी माहिती देणार. वाईट पडला तर कुठेतरी चुकीची. आपला नकाशा बरोबर आहे की चुकीचा हे त्याचं त्यालाही कळत नाही. चालून गेल्यावर कळतं. काकांनी हा नियम नीट ऐकला आणि त्यातलं फक्त पहिलं वाक्य स्वीकारलं. नकाशे ते लग्नपत्रिकांच्या पाठीमागे काढायचे. गावकीत मान असल्याने त्यांच्याकडे पत्रिकांचे गठ्ठे असत. एका बाजूला चि. आणि चि. सौ. कां., दुसऱ्या बाजूला काळदरी आणि भुतांचं रान.

आम्हाला ते नावाने हाक मारत नसत. मी लातूर, ओंकार कोल्हापूर. प्रज्ञा अकोल्याची, पण तिला मात्र ताई. माणूस कुठून आला हे कळलं की त्यांना पुरेसं वाटायचं. नव्या जंगलात शिरलो की त्यांचा पहिला प्रश्न, हे कुणाचं. जंगल आहे, काका, कुणाचंच नाही. असं कसं, कुणाचं तरी असणारच. मग प्रज्ञा बिचारी एखादा मेलेला सरदार शोधून काढायची. मग त्याचे वारस किती, वाटणी झाली का, हे यायचं. ओंकारचा मांत्रिक हातावर जाळ घेऊन उभा, आणि आम्ही तिघं एका काल्पनिक सरदाराच्या धाकट्या भावाच्या हिश्श्यावर बोलतोय.

एकदा त्यांनी राक्षसाला नोटीस दिली. गुहेच्या तोंडाशी आम्ही दबा धरून बसलो होतो. राक्षस आत झोपलेला. काका म्हणाले, मोजणी करायची तर लगतच्याला आधी कळवावं लागतं, नाहीतर उद्या तो हरकत घेतो. आम्ही हात जोडले. पण खेळात जो तो आपल्या माणसाचा मालक. त्यांचा नकाशेवाला गुहेत गेला आणि राक्षसाला उठवून मोजणी कधी आहे ते सांगून आला. राक्षसाने साहजिकच भाऊबंद बोलावून ठेवले. माझ्या माणसाचा घोडा त्या लढाईत गेला. काकांनी नकाशात गुहेच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, ‘लगतधारक हजर होता.’

पण पुलाच्या वेळी कहर झाला. लांडगे मागे लागलेले, आम्ही नदीकडे धावतोय, आणि काकांच्या पत्रिकेवर वडाच्या खाली पूल काढलेला. वड सापडला. पूल नव्हता. प्रज्ञाचा फासा त्या दिवशी वाईट पडला होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काका पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “नकाशा बरोबर हाय. जमीन चुकली.”

पूल आहेच, कुणीतरी हलवला आहे, यावर ते पुढचे दोन रविवार अडून राहिले. फेरमोजणी मागितली. ओंकारच्या मांत्रिकाला नदी पोहून जावं लागलं आणि त्याची मंत्रांची पोथी भिजून गेली. ओंकार त्या आठवड्यात काकांच्या घरचं ताकही प्यायला नाही.

खेळाबाहेरही ते असेच होते. गाड्या लावायला अंगणात चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्रत्येकाला आपापला चौकोन, आणि चाक रेघेवर गेलं की सकाळी खालून हाक. मोबाइलच्या नकाशात आमची इमारत पलीकडच्या गल्लीत दाखवायची, त्यामुळे जेवण घेऊन येणारी पोरं भलतीकडेच हिंडत बसायची. मी ती खूण दुरुस्त करून देतो म्हटलं, काही मिनिटांचं काम. काका नको म्हणाले. ज्याला यायचं तो विचारत येतो. आम्ही गार बिर्याणी खायचो आणि ते खाली ओट्यावर बसून आल्या-गेल्याला पत्ता सांगायचे. त्यांचे पत्ते नेहमी नसलेल्या वस्तूंवरून असत. पूर्वी जिथं चिंच होती तिथून डावीकडं. जेवण आणणारा पोरगा बिहारहून महिन्यापूर्वी आलेला. त्याला चिंच काय माहीत.

एवढं सगळं असूनही आम्ही त्यांना बाहेर काढलं नाही. घरमालक होते, हे एक. आणि प्रज्ञाला ते आवडायचे. गोष्ट सांगताना जागा कशी दिसते हे आता तिला आधी स्वतः बघावं लागतं, असं ती म्हणायची.

मग ती दरी आली. प्रज्ञाने रचलेल्या गोष्टीत डोंगरातले काही लोक होते, त्यांची पुढारी एक म्हातारी. खालच्या राजाला नवा किल्ला बांधायचा होता आणि किल्ल्याला पाणी नव्हतं. डोंगरात पाणी आहे हे त्याला ठाऊक होतं, कुठे ते ठाऊक नव्हतं. आमची माणसं तहानेने मरायला टेकली तेव्हा म्हातारीने आम्हाला आपला झरा दाखवला. कुणाला सांगू नका म्हणाली. असं गोष्टीत सगळेच म्हणतात. त्या रविवारी काकांनी दरीचा नकाशा काढला तो त्यांचा सगळ्यांत देखणा नकाशा. एकेक कातळ, एकेक पायवाट. झऱ्याच्या जागी मात्र काही नाही. कोरं. मी म्हटलं, काका, झरा राहिला. ते म्हणाले, ध्यानात हाय. मी म्हटलं, ध्यानात ठेवायचं तर नकाशा कशाला. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, म्हणजे विषय संपला.

पुढे बाजारात राजाच्या शिपायांनी माझ्या तलवारबाजाला धरलं. प्रधानाने बाकीच्या दोघांना निरोप धाडला. दरीचा नकाशा आणा, झरा दाखवा आणि तुमचा माणूस घेऊन जा. नाहीतर फाशी. मला यात भिण्यासारखं काही दिसेना. नकाशेवाला आपल्याकडे आहे, त्याने एक ठिपका द्यायचा. मी तर सुटल्यावर काय करायचं ते ठरवायला लागलो होतो.

काका म्हणाले, न्हाई.

मला वाटलं ते घासाघीस करतायत. मग कळलं की नाही म्हणजे नाहीच. ओंकार तोवर त्यांच्यावर चिडूनच होता, पण त्यानेही समजावलं. प्रज्ञाने सुचवलं की नकाशाच्या बदल्यात प्रधानाकडे आणखी काही मागून बघा. शेवटी मला एक युक्ती सुचली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. झरा खोटाच दाखवा, म्हटलं. दरीच्या दुसऱ्या टोकाला ठिपका द्या. ते खोदत बसतील, तोवर आपण पसार.

“खोटा नकाशा मी काढनार न्हाई.”

“काका, तुमचे निम्मे नकाशे चुकीचे निघालेत.”

“चुकीचा येगळा. खोटा येगळा.”

मी म्हटलं, काका, हा खेळ आहे. माझा आवाज चढला होता. ते माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, “खेळ हाय तर येवढं तापताय कशाला?”

ओंकारने माझ्यासाठी तुरुंगाची भिंत मंत्राने फोडून बघितली. फासा एकावर पडला, भिंत जागची हलली नाही. नकाशेवाल्याने प्रधानासमोर झऱ्याच्या जागी कोरा असलेला तोच नकाशा ठेवला, आणि प्रज्ञाने खाली बघत, अगदी थोडक्यात, माझ्या माणसाची फाशी सांगितली. काका धारेला उशीर होतो म्हणून उठून गेले.

मी दुसऱ्या दिवशी काकूंना खोली सोडतो म्हणून सांगितलं. कारण विचारलं त्यांनी. मला फाशी झाली हे त्या बाईला सांगता येईना. ऑफिस लांब पडतं म्हटलं. ऑफिस त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. त्यांनी खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवून जा म्हणाल्या.

खोल्या बघत मी पलीकडच्या महाळुंगे गावापर्यंत हिंडलो. खेळ बंद पडला होता. काका जिन्यात भेटले की मी फोन कानाला लावायचो. माफी मागतील असं कुठेतरी वाटत होतं, पण ती त्यांच्या स्वभावात नव्हती. एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले, हातात एक पत्रिका. दरीचाच नकाशा होता. म्हणाले, “तुमच्या गड्याची समाधी कुटं दावू?”

मी म्हटलं, दाखवा कुठेही.

“आसं कसं? वारस तुमी. वारस हजर पायजे.”

मी दार लावून घेतलं. तर ते गेलेच नाहीत. जिन्यात बसले. वरच्या मजल्यावरची माणसं त्यांना वळसा घालून येत-जात होती आणि काय झालं म्हणून विचारत होती. ते प्रत्येकाला सांगत होते की लातूरच्या माणसाची समाधी बांधायची आहे, जागा ठरंना. शेजारच्या खोलीतल्या मुलीने घाबरून माझं दार वाजवलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला. शेवटी मी बाहेर आलो आणि रविवारी येतो म्हणालो. निदान जिना मोकळा व्हावा म्हणून.

त्या रविवारी मी जागा निवडली, दरीच्या वरच्या अंगाला, वारं येईल अशी. काकांनी दोनदा विचारून खात्री केली, मग रेघ मारली. नवा माणूस म्हणून मी मेलेल्याचा धाकटा भाऊ घेतला. वारस म्हणून कटकट नको. खोली सोडायचं राहून गेलं.

पण मला समाधान मिळणार नव्हतं. थोड्याच दिवसांत राजाला झरा सापडला. प्रज्ञाचा हिशेब सरळ होता. राजाकडे माणसं होती, पैसा होता, आम्ही नाही तर दुसरं कुणीतरी दाखवणारच. किल्ल्याकडे पाट काढला गेला, डोंगरातले लोक उठून गेले. मी काकांकडे वळलो. माझा माणूस फुकट मेला, म्हटलं. हे बोलायला मी कितीतरी दिवस थांबलो होतो, आणि बोलताना मला चांगलं वाटलं.

काकांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी प्रज्ञाला विचारलं, कुनी दावला. तिने तेवढा विचार केला नव्हता. असेल कुणीतरी दुसरा नकाशेवाला, म्हणाली, तरुण, राजाने नेमलेला. राहतो कुठे, काकांनी विचारलं. तिला तेही रचावं लागलं. खालच्या गावात.

काका म्हणाले, त्याला शोधायचं.

माझा धाकटा भाऊ तयारच होता. भावाचा जीव ज्या ठिपक्यासाठी गेला तो ठिपका देणारा माणूस मला हवाच होता. मी तलवार काढली असं सांगितलं. काका म्हणाले, ती आत ठेवा. मारायला जायचं नाही. मग कशाला जायचं, हे ते सांगेनात. राजाचं सैन्य उरलेल्या वाड्या जाळत डोंगर चढत होतं, ओंकारचा मांत्रिक खिंडीत एकटा थांबला होता, आणि आम्ही दोघं खालच्या गावात दारोदार एका अशा माणसाची चौकशी करत होतो ज्याला प्रज्ञाने गेल्या रविवारी चहा पिता पिता जन्माला घातला होता. मी ओंकारकडे बघितलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

सापडला एकदाचा. गावाबाहेरच्या घरात एकटाच होता. राजाने इनाम दिलं होतं, पण गावात कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, असं प्रज्ञाने सांगितलं. मग तिने विचारलं, “काका, तुमचा माणूस त्याला काय म्हणतो?”

काकांनी हातातली पत्रिका उलटसुलट केली.

“म्हनावं, मी बी दावला व्हता.”

प्रज्ञाला वाटलं त्यांचा गोंधळ झाला. ती समजुतीने म्हणाली, “काका, तुमच्या माणसानं कुठं दाखवला? तुम्ही तर कोरा नकाशा दिलात.”

“माझ्या मानसानं न्हाई,” काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते फार थोडं. इथेच, गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या शेतात झरा होता. सगळ्या आळीची गुरं तिथे पाण्याला यायची. रस्त्याच्या मोजणीला माणसं आली तेव्हा काका तरणे होते. त्यांनाच हौस. ते पुढे चालले, बांध दाखवले, झरा दाखवला, तो कागदावर नीट आला का हे वाकून बघितलं. निळा ठिपका. आपलं पाणी सरकारच्या नकाशात आलं म्हणून घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नंतर रस्ता तिथूनच गेला, भराव पडला, आणि झरा त्याच्याखाली गेला. न दाखवता तरी वाचला असता का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आळीतल्या एका म्हाताऱ्याने मरेपर्यंत त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही, एवढं बोलून ते थांबले.

मी त्यांच्यावर चिडलेला होतो आणि तो राग अजून पुरता गेला नव्हता. तलवार मात्र आत ठेवली असं मी प्रज्ञाला सांगितलं.

प्रज्ञाला त्या तरुण नकाशेवाल्याच्या वतीने बोलायचं होतं. ती जरा अडखळली. मग म्हणाली, “तो विचारतोय, मग तुम्ही पुढं काय केलंत?”

काका म्हणाले, “त्ये मला बी उमगलं न्हाई अजून. बसू दे जरा त्याच्यापाशी.”

ओंकारचा मांत्रिक खिंडीत मरायला टेकला होता आणि पाळी त्याची होती. त्याने फासा उचलला होता तो परत ठेवला. आम्ही बसून राहिलो. धारेची वेळ टळली तेव्हा काकूच वर आल्या आणि दारातून काय चाललंय म्हणून विचारलं. ओंकारने हळू आवाजात सांगितलं की काका एकाशी बोलतायत. काकूंनी खोलीभर नजर फिरवली. आम्हा चौघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि त्याही उंबऱ्यापाशी खाली बसल्या.